तिरप्या खिडकीचा पडदा



खिडकी म्हटली की ती चौकोनीच असावयाची, असे आपण नकळत गृहीत धरून चालतो. इस्रायलात आल्यापासून तर खिडकीचा विचार करण्याची मला कधी गरजच पडली नव्हती. येथे घरोघरी त्रिसीम असतात. पट्टा सोडला की काळोख, ओढला की उजेड. पडदा ही केवळ शोभेची वस्तू. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका खिडकीने मला पुन्हा एकदा विद्यार्थिनीच्या बाकावर बसविले. त्याची हकीगत आपणांस सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

माझा धाकटा भाऊ गेली अनेक वर्षे नोकरीनिमित्त सिंगापुरात असतो. एका मालवाहतुकीच्या कंपनीत तो हिशेबाचे काम पाहतो. वडील वारल्यावर आई त्याच्याकडे राहावयास गेली. मी त्यापूर्वीच मुंबईची शाळा सोडून इकडे आले होते, त्यामुळे आईला कोणी सांभाळावे हा प्रश्न आमच्या घरी कधी बोलला गेला नाही. तो आपोआप सुटला, म्हणजे भावाने सोडविला. मी दर शुक्रवारी फोन करीत असे. "खोली छान आहे, स्वयंपाकघराला लागून आहे, जिना चढावा लागत नाही," असे आई सांगे आणि मी निश्चिंत होत असे.

जुलैत शाळेला सुटी लागताच मी सहा आठवड्यांसाठी तिकडे गेले. भावाचे घर कातोंग भागात आहे. ओळीने बांधलेल्या बैठ्या घरांपैकी ते कोपऱ्याचे घर. मागील अंगणावर पूर्वी कोणी तरी उतरते छप्पर घालून एक खोली काढली होती, तीच आईची खोली. छप्पर उतरते, म्हणून बाजूच्या भिंतीतील खिडकीचा माथाही त्याच्याबरोबर उतरत गेलेला. खाली सरळ, दोन्ही बाजू उभ्या, पण एक बाजू आखूड, दुसरी जवळजवळ दुप्पट लांब. पाठ्यपुस्तकात समलंब चौकोन काढून दाखवितात, अगदी तसा.

आणि त्या खिडकीला तपकिरी पुठ्ठे चिकटविलेले होते.

दुपारचे चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होते आणि आई ट्यूबलाइटच्या उजेडात पलंगावर बसली होती. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत, परंतु त्यानंतर दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला. समोरच्या माणसाचा चेहरा तिला नीट दिसत नाही, कडेचे मात्र दिसते. या विकारात डोळ्यांना उजेड अधिक लागतो, आणि नेमकी चकाकी सोसत नाही. उजेड हवा, ऊन नको. हे दोन्ही एकदम साधावयाचे म्हणजे खिडकी उघडी ठेवूनही चालत नाही आणि बंद करूनही चालत नाही.

"तशी काही गैरसोय नाही गं," आई म्हणाली. "फक्त दिवस कधी मावळतो तेवढं कळत नाही."

मला राग आला आणि तो मी दाखविला. संध्याकाळी भाऊ कामावरून परतला तेव्हा जेवणाच्या टेबलावरच मी म्हटले, "आईला तू अंधारात बसवून ठेवलं आहेस." तो काही बोलला नाही. पानावरून उठताना मात्र म्हणाला, "ताई, तू सहा आठवड्यांसाठी आली आहेस. तुला जमलं तर कर."

त्या रात्री मी ठरविले की परत जाण्यापूर्वी त्या खिडकीला पडदा लावावयाचा.

सिंगापूर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरांच्या आत आहे. तेथे दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारखी, आणि सूर्यास्त बाराही महिने सातच्या आसपास. १९८२ च्या आरंभी त्यांनी आपली घड्याळे अर्धा तास पुढे नेली, त्यामुळे घड्याळातील मध्यान्ह आणि आकाशातील मध्यान्ह यांत सुमारे तासाभराचे अंतर पडले आहे. पश्चिमेच्या खिडकीत ऊन शिरते ते साडेतीनला, आणि सातपर्यंत हटत नाही. शिवाय ते वरून येत नाही, समोरून येते.

म्हणूनच आडव्या पट्ट्यांचा पडदा तेथे निकामी ठरतो. सूर्य डोक्यावर असेल तर आडवी पट्टी त्याला अडविते. तो समोर उतरला की पट्ट्या पार मिटल्यावाचून ऊन थांबत नाही, आणि मिटल्या की पुन्हा काळोख. कापडाचा साधा पडदा तिरप्या दांडीवर टिकत नाही. त्याच्या कड्या घसरत घसरत खालच्या टोकाला जमतात आणि वरचे टोक उघडे पडते. बांबूची चिक घ्यावी, तर ती गुंडाळण्यासाठी वरची कड आडवी सरळ लागते. राहता राहिला उभ्या पट्ट्यांचा पडदा, ज्याला दुकानदार व्हर्टिकल ब्लाइंड म्हणतात. त्याच्या पट्ट्या दाराच्या फळीप्रमाणे आपल्याभोवती फिरतात. सूर्याकडे त्यांची पाठ केली की ऊन अडते आणि दुसऱ्या बाजूने आकाशाचा उजेड आत येत राहतो. शिवाय प्रत्येक पट्टी वेगळी टांगलेली असल्याने तिची लांबी शेजारणीपेक्षा निराळी ठेवता येते. तिरप्या खिडकीला हाच एक उपाय होता.

मी दोन-तीन दुकानांत चौकशी केली. तयार पडदे सगळे काटकोनी. मापाप्रमाणे करवून घ्यावयाचा तर पाच आठवडे लागतील असे एका ठिकाणी सांगितले. एवढा अवधी माझ्याजवळ नव्हता. शेवटी एका दुकानदाराने सुटे सामान देण्याचे कबूल केले. दांडी मी सांगेन त्या लांबीची कापून मिळणार होती. पट्ट्या १२.७ सेंटिमीटर रुंदीच्या, सर्व एकाच लांबीच्या, त्या घरी कापावयाच्या. आकडे मात्र तिरप्या दांडीसाठी निराळे लागतात. दांडी कितीही तिरपी असली तरी पट्टी ओळंब्यातच लटकली पाहिजे, म्हणून त्या आकड्याला सांधा असतो. शिवाय तो थोडा लांब असतो, नाही तर पट्टीचा वरचा कोपरा दांडीला घासतो. ते आकडे त्याने मागवून दिले.

घर भाड्याचे होते. मालक एक वृद्ध चिनी गृहस्थ. भिंतीला सहा भोके पाडण्याची परवानगी मागण्यास भाऊ संकोचत होता, म्हणून भावजयीने फोन केला. "भोके पाडा, जाताना बुजवा," एवढेच ते म्हणाले.

मग मी खिडकी मोजावयास घेतली. माझी भाची सेकंडरीच्या दुसऱ्या वर्गात शिकते. तिचे मराठी तुटक आहे, पण उत्साह अखंड. आम्ही दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून ओळंबा केला आणि दोन्ही बाजू खरोखर उभ्या आहेत की नाहीत ते पाहिले. खालची कड पाणसळीने तपासली. पाया २४० सेंटिमीटर, आखूड बाजू १२०, लांब बाजू २२०. एखाद्या मिलिमीटरचा फरक सोडला तर मापे इतकी नेटकी निघाली की मला हसू आले. सोळा वर्षे मुंबईच्या शाळेत मी गणित शिकविले होते. आता या पडद्याचे गणित ते काय!

दुकानदाराने फोनवर विचारले, "दांडी किती लांब?" मी टोकांना एकेक सेंटिमीटर सोडून उत्तर दिले, "२३८." त्याने विचारले, "पट्ट्या किती?" दांडीवर दोन आकड्यांत ११.७ सेंटिमीटर अंतर राहते, म्हणजे पट्टी पट्टीवर एक सेंटिमीटर चढते. मी भागाकार केला आणि सांगितले, "वीस."

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात माझी चूक आलीच असेल. माझ्या ती दोन दिवसांनी आली. सामान घरी आले, मी स्टुलावर उभी राहून दांडीचे वरचे टोक खिडकीच्या उंच कोपऱ्याला लावले आणि भाचीला म्हटले, "तुझं टोक टेकव." तिचे टोक टेकेना. वीतभर जागा रिकामी राहिली.

"आत्या," ती चाचरत म्हणाली, "दांडी तर वरून जाते ना? हा हायपोटेन्यूज आहे."

कर्ण! पाया २४०, उंचीतील फरक १००, म्हणजे कर्ण २६०. पाच, बारा, तेराचा तो त्रिकोण मी किती वेळा फळ्यावर काढला असेन, त्याची गणती नाही. मी मोजला होता पाया, आणि दांडी बसणार होती कर्णावर. खालची कड सरळ होती, हाताशी होती, तेथे फीत धरणे सोपे होते. वर चढून तिरप्या कडेला फीत लावण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. डी.एड.च्या वर्गात आमच्याकडून घोकून घेतले होते, मूर्ताकडून अमूर्ताकडे जावे. मी प्रत्येक पाठटाचणात ते वाक्य लिहिले आहे. आणि खरी खिडकी समोर उभी असताना तिला हात न लावता मी भागाकार करीत बसले होते.

कापलेली दांडी वाढत नाही. पैसे वाया गेले ते गेलेच, पण त्याहून जड होते संध्याकाळी भावाला सांगणे. त्याने सर्व ऐकून घेतले, दांडीकडे पाहिले आणि म्हणाला, "उद्या ऑफिसातून येताना दुकानाशी भेटतो. नवी घेऊ." रागाचा किंवा उपहासाचा एक शब्द नाही. तो मला टोचून बोलला असता तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी नवी दांडी २५८ सेंटिमीटर कापून घेतली आणि आणखी दोन पट्ट्या घेतल्या. दांडी तिरपी झाली की आकड्यांतील ११.७ सेंटिमीटर अंतर जमिनीशी मोजता १०.८ च भरते, म्हणून पट्ट्या वीस पुरत नाहीत, बावीस लागतात. हा हिशेब आता भाचीने करून दिला होता. परंतु एवढी लांब दांडी टॅक्सीत मावेना, बसमध्ये नेता येईना. तेव्हा पुढचे टोक भावाने आणि मागचे मी, असे खांद्यावर घेऊन आम्ही चालत निघालो.

ज्यांनी सिंगापूर पाहिले असेल त्यांना तेथील पाच फुटी वाट ठाऊक असेल. जुन्या दुकान-घरांच्या पुढे, वरच्या मजल्याच्या खालून जाणारी ही झाकलेली वाट. १८२२ साली सर स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी नगररचनेचे जे नियम घालून दिले त्यांत, उन्हापावसापासून पादचाऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून, प्रत्येक घरापुढे अशी वाट ठेवावी असे होते. कातोंग आणि जू च्याट भागांत ही घरे अजून ओळीने उभी आहेत. वर झरोक्यांच्या लाकडी झडपा, त्यांच्या माथ्यावर अर्धगोल काचा. आणि खांबांच्या मधून कोठे कोठे सोडलेल्या बांबूच्या चिका. त्यांना तेथले लोकही 'चिक'च म्हणतात. हा हिंदुस्थानी शब्द इंग्रजांबरोबर तेथवर गेला. आमच्या मुंबईच्या गॅलरीतही चिक होती. दुपारी आई ती सोडी आणि तिच्या फटींतून फरशीवर उन्हाच्या रेघा पडत.

खांब आला की थांबावे लागे, वळण आले की मला रुंद फेरी घ्यावी लागे. भाऊ पुढे, मी मागे, त्यामुळे आम्हांला एकमेकांचे तोंड दिसत नव्हते. कदाचित म्हणूनच तो बोलू शकला.

"ताई, पुठ्ठा मी रात्री अकरा वाजता लावला," तो म्हणाला. "घरी आलो तेव्हा कळलं की आई दुपारभर डोळ्यांवर पदर धरून बसली होती. हाताशी जे होतं ते चिकटवलं. म्हटलं, रविवारी नीट काही तरी करू. तो रविवार तसाच गेला. दुसराही गेला. मग तो पुठ्ठा मला दिसेनासाच झाला."

मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. नऊ वर्षांत मी आईची खोली पाहिली नव्हती. दर शुक्रवारी फोनवर तिच्या शब्दांनी ती मोजली होती आणि माप बरोबर आहे असे धरून चालले होते. आल्या दिवशी ज्याला मी बोल लावला त्याने निदान पुठ्ठा तरी लावला होता.

"मी तेवढंही केलं नव्हतं," मी म्हटले.

तो काही बोलला नाही. पण पुढच्या खांबाशी तो माझ्यासाठी थांबला आणि म्हणाला, "खांदा बदल. दुखत असेल." आम्ही खांदे बदलले आणि घरापर्यंत चालत गेलो.

आता कापण्याचे काम राहिले. त्यात आम्ही जे शिकलो ते थोडक्यात लिहिते, कारण आपणांपैकी कोणाच्या घरी जिन्याखाली किंवा छपराखाली अशी खिडकी असू शकेल.

प्रथम जुनी वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून आम्ही खिडकीएवढा कागदी साचा केला, तो खिडकीत बसवून पाहिला आणि मग जमिनीवर पसरला. त्यावर दांडी ठेवून आकड्यांच्या जागी खुणा केल्या आणि गुण्या लावून प्रत्येक खुणेपासून खाली उभी रेघ ओढली. ती रेघ म्हणजे त्या पट्टीची जागा. दांडीची जाडी, आकड्याची लांबी आणि खालची फट वजा करता सर्वांत आखूड पट्टी ११० सेंटिमीटरांची आली, आणि पुढील प्रत्येक आधीच्यापेक्षा ४.५ सेंटिमीटरांनी मोठी. बावीसावी २०४.५. भाची ओरडली, "सगळा फरक सेम आहे!" मी म्हटले, "याला अंकगणिती श्रेढी म्हणतात." परंतु यावेळी सूत्रावर न विसंबता प्रत्येक रेघ फितीने मोजली, आणि मगच पट्टीच्या पाठीमागे पेन्सिलीने अनुक्रमांक घातला.

दुसरी गोष्ट, कापताना सर्वांत लांब पट्टीपासून आरंभ करावा. लांब पट्टी चुकून आखूड कापली गेली तर ती पुढच्या क्रमांकाला उपयोगी पडते. सर्वांत आखूड पट्टी चुकली तर ती फुकट जाते. आमच्याकडून एक चुकली. बावीसाव्या क्रमांकाची एकविसाव्याला कामी आली, आणि सुदैवाने दुकानदाराने एक पट्टी जास्त घेण्यास सुचविले होते.

तिसरी गोष्ट, कापडी पट्टी खालून कापावी, वरून नव्हे. वर आकड्याचे घर तयार असते. खाली मात्र वजनाची पट्टी सरकविण्यासाठी दुमड घालून शिवावी लागते, तेव्हा तेवढे चार सेंटिमीटर अधिक ठेवावयाचे.

ही बावीस दुमडींची शिवण आईने केली.

मी तिला विचारलेही नव्हते. आम्ही जमिनीवर कापीत बसलो होतो आणि ती पलंगावरून ऐकत होती. म्हणाली, "दुमड कोण घालणार? दे इकडे." मी चार सेंटिमीटरांचा पुठ्ठ्याचा तुकडा मापासाठी तिच्या हाती दिला, तो तिने परत केला. दोन बोटे कापडावर आडवी ठेवावयाची, दुमडावयाचे, नखाने कड दाबावयाची आणि हातशिलाई घालावयाची. नातीने सुया ओवून दिल्या. आमचे लहानपणीचे सर्व कपडे तिने घरी शिवले होते, हे मी विसरले होते. ती मात्र विसरली नव्हती, किंवा तिची बोटे विसरली नव्हती. तीन दुपारी काम चालले. एकदा ती झोपली असता मी गुपचूप फूटपट्टी घेऊन दुमडी मोजल्या. एकीतही अर्ध्या सेंटिमीटराहून अधिक फरक नव्हता. माझ्या मापात वीस सेंटिमीटरांचा होता.

भाऊ रविवारी शिडीवर चढला आणि दांडी बसविली. पडदा कोणत्या बाजूला ओढावयाचा यावर थोडा वाद झाला. दांडी उतरती, तेव्हा पट्ट्या आपोआप खालच्या टोकाकडे घसरतील, तिकडेच त्या गोळा होऊ द्याव्यात, असे भावाला वाटत होते. परंतु लांब पट्टी आखूड बाजूला आली की तिचा पाय जमिनीला लोळणार. उलट, आखूड पट्टी उंच बाजूला गेली तर ती फक्त वर अधांतरी राहते, कोणाला अडत नाही. म्हणून चढाकडे ओढावयाचे ठरले, आणि पट्ट्या पुन्हा घसरू नयेत म्हणून दोरी भिंतीवरच्या खुंटीला गुंडाळावयाची. ती खुंटी आम्ही मुद्दाम उंचावर ठोकली. पडद्याच्या लोंबत्या दोरीत लहान मुलाचा गळा अडकून जीव गेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. घरात लहान मूल नसले तरी पाहुण्याचे येते, हे ध्यानात ठेवावे.

बावीस पट्ट्या टांगून झाल्या तेव्हा सव्वाचार वाजले होते. भावाने पुठ्ठे काढले. खोलीत एकदम ऊन आले. आईने सवयीने पदर वर केला. मग भाचीने साखळी ओढली, पट्ट्या एकसाथ फिरल्या आणि ऊन गेले. उजेड राहिला.

आईने पदर खाली घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मला मात्र लगेच एक दोष दिसला. पट्ट्यांची वरची कड काटकोनात, दांडी तिरपी, म्हणून प्रत्येक पट्टीच्या माथ्याशी एक छोटा त्रिकोण उघडा राहिला होता. त्यांतून ऊन आत येत होते आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे बावीस त्रिकोण जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत गेले होते. माथा तिरपा कापला तर पट्टी फिरताना अडते, तेव्हा तो उपाय नव्हता. "वरून लाकडी झालर लावतो, झाकून जाईल," भाऊ म्हणाला.

आई भिंतीकडे तोंड करून नव्हे, किंचित बाजूला मान करून पाहत होती. कडेचे तिला दिसते हे मी आधी सांगितले आहे.

"काय आहे ते भिंतीवर?" तिने विचारले.

"ऊन आहे, आई. फटीतून येतंय. बुजवतो आपण."

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

परत येण्यापूर्वीच्या दहा दिवसांत मी पाहिले, की ते त्रिकोण दुपारी खाली कपाटाच्या पायाशी असतात आणि सूर्य उतरू लागला की हळूहळू वर चढतात. पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा आईने माझ्याकडे न पाहता विचारले, "साडेपाच झाले ना गं?" घड्याळात पाच पस्तीस झाले होते. "कपाटाच्या मुठीला लागले की साडेपाच," ती म्हणाली. "आणि छताला लागून विझले की दिवस मावळला." झालर लावण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

येथे परतल्यावर मी दर शुक्रवारी फोन करतेच. आता "कशी आहेस" एवढ्यावर थांबत नाही. त्रिकोण कोठवर आले, ते विचारते. डिसेंबरात भाची तक्रार करू लागली, की आजीचे घड्याळ बिघडले, त्रिकोण कपाट सोडून दाराकडे गेले आहेत. मी तिला सांगितले, की जुलैत तेथे सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, डिसेंबरात दक्षिणेला, तेव्हा उजेड भिंतीवर उलट बाजूला सरकणारच. जूनपर्यंत तो परत कपाटावर येईल. तिने ते वहीत लिहून घेतले.

मग फोन आईकडे गेला. "आता दाराची कडी लागली की साडेपाच," ती म्हणाली. "तुझ्या भावानं सकाळी तिथं खडूनं खूण करून ठेवली आहे."

— एक शिक्षिका